शाळेची पाटी आणि शाळेचं कपाट

*या वेळचं पत्र (थोडक्यात):* मी सातपूरला राहते. माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. मुलगी मराठी शाळेत सेमी-इंग्रजीतून यंदा दहावीला. पूर्वपरीक्षेत ९३ टक्के पडले. गणिताची भारी आवड. डब्यांचा सगळा हिशेब तीच ठेवते. पण घरात सल्लागार फार झालेत. भाऊ म्हणतो, ‘अशा शाळेतून मोठ्या विद्यापीठात कोण घेतं? अकरावीला इंटरनॅशनल शाळेत टाक.’ त्यासाठी सिन्नरकडचा प्लॉट विकावा लागेल. जाऊबाई म्हणतात इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्र) घाल, दीर म्हणतात थेट राजस्थानातल्या कोट्याला क्लासला पाठव. ती स्वतः एक दिवस आयआयटी म्हणते, दुसऱ्या दिवशी दिल्ली विद्यापीठ, आणि हल्ली मोबाइलवर बघून अमेरिका. शाळेच्या नावानं खरंच फरक पडतो का? प्लॉट विकू का? — *एक आई, सातपूर*

ताई, प्लॉट आत्ता विकू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नको.

तुमच्या भावाचं म्हणणं साफ खोटं नाही, पण त्यांनी तीन वेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात घातल्या आहेत. आयआयटी, दिल्ली विद्यापीठ आणि अमेरिकेतलं विद्यापीठ हे तिन्ही शाळेकडे सारख्या नजरेनं बघत नाहीत. एकाला तुमची शाळा दिसतच नाही. दुसऱ्याला शाळा दिसत नाही, पण तिनं शिकवलेला अभ्यासक्रम आडवा येतो. तिसरं मात्र शाळेची फाइल उघडून वाचतं. म्हणून ‘कुठली शाळा’ हा प्रश्न ‘कुठलं दार’ ठरल्याशिवाय सुटत नाही.

आयआयटीपासून सुरुवात करू, कारण तिथलं गणित सर्वांत सरळ आहे. जेईई मेन या आयआयटीसाठीच्या पहिल्या परीक्षेच्या अर्जात शाळेचं नाव भरावं लागतं, पण गुणवत्ता यादीत त्याला शून्य किंमत. मेनमधून वरचे अडीच लाख अ‍ॅडव्हान्स्डला बसतात, आणि अ‍ॅडव्हान्स्डच्या रँकवर जागा मिळते. बारावी फक्त उंबरठ्यापुरती मोजली जाते: ७५ टक्के (एससी, एसटी आणि दिव्यांगांना ६५), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. हे ७५ टक्के पाच विषयांचे धरतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय. महाराष्ट्र बोर्डात भौतिक-रसायनाला प्रत्येकी ३० आणि गणिताला २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणजे मन लावून प्रयोगवही पूर्ण करणाऱ्या मुलीला ७५ हा आकडा जड नाही. जड जातो तो कॉलेजात पाऊलच न ठेवणाऱ्यांना. त्यांच्याकडे पुढे येऊच.

भाषेचंही एकदा स्पष्ट करून टाकू. जेईई मेन मराठीतूनही देता येते. ती घ्यावी का? तुमच्या मुलीनं घेऊ नये, असं आमचं मत. सेमी-इंग्रजीमुळे तिचं गणित-विज्ञान आधीच इंग्रजीतून झालंय, अकरावी-बारावी सायन्सही इंग्रजीतूनच होईल. दोन वर्षं ‘टॉर्क’ म्हटल्यावर परीक्षेत ‘बलाघूर्ण’ वाचून गोंधळ उडतो. भाषांतरात घोळ असला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात. आणि अ‍ॅडव्हान्स्डची परीक्षा इंग्रजी आणि हिंदीतच होते, मराठीत नाही. थोडक्यात, आयआयटीच्या दारावर मराठी शाळेची अडचण नावाची नाही, वेगाची आहे: लांबलचक इंग्रजी प्रश्न पटकन वाचून त्यातलं गणित बाहेर काढण्याची. तो सराव दहावीची परीक्षा संपल्यावर आणि अकरावी सुरू होण्याआधीच्या सुट्टीत होतो. सातवी-आठवीपासूनची एनसीईआरटीची इंग्रजी विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. रोज आठ-दहा पानं मोठ्यानं वाचायची आणि अडलेले शब्द वहीत लिहायचे.

दार आंधळं आहे म्हणून ते न्याय्य आहे असं मात्र समजू नका. त्याला शाळा दिसत नाही, पण शाळेनं आणि क्लासनं दोन वर्षांत काय करून घेतलं ते उत्तरपत्रिकेत उतरतंच. फरक एवढाच की ती कसर घरबसल्या, पुस्तकांनी आणि वेळापत्रकानं भरून काढता येते. त्यासाठी इंटरनॅशनल बोर्ड लागत नाही. उलट ते आडवं येऊ शकतं. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, केंब्रिज ए-लेव्हलच्या मे-जून सत्राचा ऑगस्टच्या मध्याला. आयआयटीच्या प्रवेशफेऱ्या (जोसा) जूनमध्ये सुरू होऊन साधारण जुलैत आटोपतात. केंब्रिजचं मार्च सत्र भारतात मिळतं, ते घेतलं तर ही अडचण टळते, पण शाळा ते देते का हे प्रवेशाआधी विचारायला कुणाच्या डोक्यात येतं? शिवाय आयबीत सहा विषय, त्यावर चार हजार शब्दांचा निबंध, ज्ञानमीमांसेचा वेगळा कोर्स आणि समाजकार्याच्या नोंदी. शिक्षण म्हणून उत्तम आहे. जेईईसोबत ओढायचं म्हटलं तर दोन्हीकडे अर्धंमुर्धं होतं.

आता दिल्ली विद्यापीठ. इथं २०२२ साली सगळा खेळ बदलला आणि तो बदल तुमच्या मुलीच्या फायद्याचा आहे. त्याआधी प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत, आणि ज्या बोर्डाचा हात सैल त्याची मुलं पुढे जात. २०२१ मध्ये तिथल्या काही कॉलेजांच्या काही अभ्यासक्रमांचा पहिला कट-ऑफ १०० टक्के होता. तेव्हा नाशिकच्या ९४ टक्केवाल्या मुलीला विचारतो कोण? आता सीयूईटी ही सगळ्या बोर्डांच्या मुलांना एकच प्रवेशपरीक्षा आहे. प्रत्येक पेपरला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला उणे १, जास्तीत जास्त पाच पेपर. बारावी पास हवी आणि टाय झाला तर बारावीचे गुण बघतात, बाकी सगळं सीयूईटीवर.

पण राज्य बोर्डाची मुलं इथं एका आडबाजूच्या खड्ड्यात पडतात. सीयूईटीचे विषयवार पेपर एनसीईआरटीच्या *बारावीच्या* अभ्यासक्रमावर असतात, आणि आपल्या बोर्डानं अकरावी-बारावीची वाटणी वेगळी केली आहे. भौतिकशास्त्र घ्या. परिवलन गती, द्रवांचे गुणधर्म, उष्मागतिकी, आंदोलनं हे आपल्याकडे बारावीला. एनसीईआरटीत ते अकरावीला, म्हणजे सीयूईटीच्या पेपरात नाहीत. उलट किरण प्रकाशशास्त्र, आरसे आणि भिंगं, आपल्याकडे अकरावीला होऊन विस्मरणात गेलेलं असतं, आणि ते तिकडे बारावीला आहे. गणितातही निश्चयक, म्हणजे डिटरमिनंट्स, आपण अकरावीत उरकतो, एनसीईआरटीत ते बारावीत. तर्कशास्त्र आणि रेषांची जोडी यांवर आपली मुलं बारावीचे महिने घालवतात, सीयूईटी त्यांना विचारत नाही. बारावीची बोर्ड परीक्षा झाली की ‘आता उजळणी’ म्हणून जो आपलंच बारावीचं पुस्तक उघडतो तो चुकीच्या पुस्तकातून उजळणी करत असतो. उपाय साधा आहे. एनसीईआरटी बारावीची अनुक्रमणिका काढा, प्रत्येक धड्यापुढे ‘आपल्याकडे अकरावी’, ‘आपल्याकडे बारावी’ किंवा ‘नाहीच’ असं पेन्सिलीनं लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि महागड्या सराव-मालिकेपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

विषयांचं अजून एक. दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटीचा गणिताचा पेपर लागतो, आणि पेपर साधारणपणे बारावीला घेतलेल्याच विषयांचे द्यायचे असतात. गणित आवडणाऱ्या मुलीनं उद्या विचार बदलून आर्ट्स-कॉमर्स घेतलं तर चालेल, पण गणित सोडलं तर ते दार अकरावीच्या फॉर्मवरच बंद होतं. कॉमर्सला जायचं ठरलं तर ‘वाणिज्य संघटन’, ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ ही आपल्या बोर्डाची नावं सीयूईटीच्या यादीत जशीच्या तशी नाहीत. कुठल्या पेपराशी त्यांची जोड लागते ते विद्यापीठाच्या त्या वर्षाच्या माहितीपत्रकात बघून मगच पेपर निवडा.

याच जातीची अजून काही दारं आहेत, आणि गणितवेड्या मुलीला ती आधी दाखवायला हवीत. घरात आयआयटीचंच नाव ऐकू येतं म्हणून ती मागे पडतात. पुण्याच्या आयसरसह सगळ्या आयसरना (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) आयएटी ही एकच चाचणी आहे: जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक, प्रत्येकी १५ प्रश्न, तीन तास. चेन्नईची सीएमआय आणि कोलकाता-बंगळुरूची आयएसआय या गणिताच्या संस्था स्वतःची परीक्षा घेतात, आणि तिथं घोकंपट्टी नाही तर सिद्धता लिहिता येणं बघतात. तयारीची सुरुवात म्हणून आयओक्यूएम ही गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी चांगली: ३० प्रश्न, तीन तास, उत्तरं पूर्णांकात. आठवी ते बारावीची मुलं बसतात, नोंदणी पावसाळ्याच्या सुमारास असते. शाळा केंद्र नसेल तर जवळच्या केंद्रावर नाव देता येतं. तिथं पहिल्यांदा कमी गुण पडले तरी रडू देऊ नका, पेपरच तसा असतो.

तिसरं दार परदेशाचं. तुमच्या भावाचं म्हणणं कुठे खरं असेल तर इथं, म्हणून जरा थांबून सांगतो.

अमेरिकेतली मोठी खासगी विद्यापीठं फक्त गुण बघत नाहीत, ती पूर्ण फाइल वाचतात: नववी ते बारावीचे गुण, निबंध, उपक्रम, दोन शिक्षकांची पत्रं, मुख्याध्यापकाचं किंवा समुपदेशकाचं पत्र, आणि शाळेची माहिती देणारं एक पान. या पद्धतीत श्रीमंत शाळेचा फायदा किती, यावर राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तो अमेरिकी मुलांबद्दल आहे. आयव्ही लीग या नामांकित गटातली आठ, शिवाय स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो अशा बारा विद्यापीठांत, सॅट-एसीटी या तिथल्या प्रवेशपरीक्षांचे गुण सारखेच असताना सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात पोचतात. कारणं तीन निघाली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरचं मूल्यमापन. तिसरं आपल्या कामाचं. महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना उपक्रम आणि शिफारसपत्रांत जास्त गुण मिळत होते. ब्रिटनमध्येही साधारण ७ टक्के मुलं खासगी शाळांत शिकतात, पण ऑक्सफर्ड-केंब्रिजला गेलेल्या ब्रिटिश मुलांत त्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्के आहे.

हे वाचून ‘बघा, म्हणालो नव्हतो!’ असं भाऊ म्हणतील. म्हणू द्या. पण फायदा कशातून आला ते बघा. शाळेच्या पाटीतून नाही, शाळेच्या कपाटातून. त्या शाळांत एक पूर्णवेळ माणूस हीच कागदपत्रं तयार करायला बसलेला असतो. पत्र कसं लिहायचं हे त्याला ठाऊक असतं, शाळेची माहिती छापून तयार असते, गुणपत्रिका इंग्रजीत एका क्लिकवर निघते. तुमच्या शाळेत यातलं काही नाही. पण यातलं बहुतेक सगळं दोन वर्षांत उभं करता येतं, आणि त्याला प्लॉटची किंमत लागत नाही. शिवाय ही विद्यापीठं अर्ज त्या शाळेच्या पार्श्वभूमीवर वाचतात. जे उपलब्ध होतं त्यातून मुलीनं काय केलं, हा तिथला प्रश्न. ज्या शाळेत दहा वादविवाद मंडळं आहेत तिथं एकात नाव असणं म्हणजे काहीच नाही. जिथं एकही नाही तिथलं वेगळं मोजतात. मात्र ‘इथं एकही नाही’ हे वाचणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं ना! ते काम शाळेच्या माहितीच्या पानाचं.

ते पान असं असावं. लेटरहेडवर, इंग्रजीत, एका पानात. शाळा अनुदानित की विनाअनुदानित, माध्यम कुठलं, बोर्ड कुठलं. दहावीला किती मुलं बसली, ९० च्या वर किती गेली. वर्गात मुलं किती. पालक साधारण काय करतात. कुठले विषय मिळतात आणि कुठले मिळत नाहीत. शाळेत समुपदेशक नाही हे स्पष्ट. गुण देण्याची पद्धत: १०० पैकी, पास ३५. हे शेवटचं विसरतात आणि मग तिकडचा वाचणारा ८२ हा आकडा आपल्या हिशेबानं वाचतो. तुमच्याकडे भौतिकशास्त्रात वर्गात सर्वाधिक ८६ असतील तर ते लिहून द्या.

शिक्षकांचं पत्र हा दुसरा अडथळा. आपल्या शाळांना पत्र म्हटलं की चांगल्या वर्तणुकीचा दाखलाच सुचतो: ‘सदर विद्यार्थिनी होतकरू, नम्र व शिस्तप्रिय असून तिच्या भावी आयुष्यास शुभेच्छा.’ हे पत्र नसल्यासारखंच. हवं ते असं: भूमितीच्या तासाला तिनं पुस्तकाबाहेरची सिद्धता फळ्यावर मांडली ती कुठली, सर चुकले तेव्हा तिनं कसं सांगितलं, मागे पडलेल्या मुलींना ती मधल्या सुट्टीत काय शिकवते, आणि सरांच्या इतक्या वर्षांत अशी मुलं किती झाली. सरांना इंग्रजी जड वाटत असेल तर त्यांनी मराठीत लिहावं, दुसऱ्या शिक्षकानं भाषांतर करून सही करावी, मूळ आणि भाषांतर दोन्ही जोडावं. प्रामाणिक मराठी पत्र एजंटाच्या गुळगुळीत इंग्रजी पत्रापेक्षा केव्हाही बरं. एजंट पत्रं स्वतःच लिहून देतात, आणि एकाच साच्यातली दहा पत्रं वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. खोटं पत्र उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

गुणपत्रिका. नववी ते बारावी चारही वर्षांच्या लागतात. नववीची प्रगतिपुस्तिका मराठीत आणि हस्ताक्षरात असते, तिची इंग्रजी प्रत शाळेकडून शिक्क्यासह घ्यावी लागते. अकरावीचं तर विचारूच नका. ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ ही समजूत आपल्याकडे विद्यार्थ्यांतच नाही, कॉलेजांतही आहे. आयआयटी अकरावीचे गुण विचारत नाही, पण अमेरिकेच्या फाइलमध्ये अर्ज पाठवताना हाती असलेलं ताजं पूर्ण वर्ष अकरावीचंच असतं. तिथं ५८ दिसले तर दहावीचे ९३ तिला सावरत नाहीत.

उपक्रमांच्या यादीत दहा जागा असतात, आणि घरची जबाबदारी हा तिथं अधिकृत प्रकार आहे. डब्यांचा हिशेब लिहा. आकड्यांनी लिहा: रोज किती डबे, महिन्याची उलाढाल, आठवड्याला तिचे किती तास, आणि तिनं काय बदललं. उधारीची वही तिनं सुरू केली का? कुठल्या वारी किती पीठ लागतं याचा अंदाज ती बांधते का? गणित आवडणाऱ्या मुलीचं याहून चांगलं उदाहरण पैसे भरून मिळणाऱ्या उन्हाळी शिबिरात नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, खो-खो, एनसीसी, जे खरं आहे ते सगळं चालतं. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सचा गठ्ठा कुणी मागत नाही.

पैशाचं मात्र आधीच बोलू. बहुतेक अमेरिकी विद्यापीठं परदेशी मुलाची ऐपत प्रवेशाच्या वेळी विचारात घेतात. ऐपत न बघता निवडून, नंतर लागेल तेवढी मदत देणारी मोजकीच, उदाहरणार्थ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन. तिथं स्पर्धा भयंकर आहे. यादीत त्यांच्याखेरीज भारतातली दारं असलीच पाहिजेत; सगळी अंडी त्या टोपलीत नकोत. हार्वर्ड, एमआयटी आणि ब्राउननं सॅट किंवा एसीटी परत सक्तीची केली आहे, त्यामुळे ‘सॅट नको’ असं कुणी सांगितलं तर विद्यापीठाच्या पानावर बघून घ्या. फुकट आणि निःपक्ष सल्ल्यासाठी यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेचं एज्युकेशनयूएसए केंद्र मुंबईत आहे. आधी वेळ घेऊन पंचवटी एक्स्प्रेसनं गेलात तर संध्याकाळी घरी. परदेशी शिक्षणाच्या जाहिरातीच्या होर्डिंगखालच्या ऑफिसात जाण्याआधी तिथं जा.

ब्रिटनचं थोडक्यात. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, आणि त्या अर्जात कॉलेजानं ‘बारावीला अंदाजे किती पडतील’ हे लिहून द्यायचं असतं. आपली पूर्वपरीक्षा होते जानेवारीच्या सुमारास. मग कॉलेज घटक चाचणीचे गुण टाकतं, तेही कडक तपासलेले, आणि मुलगी स्वतःच्या कॉलेजच्या हातून बाद होते. शिवाय काही विद्यापीठं केंद्रीय बोर्डांना एक आकडा मागतात आणि राज्य बोर्डांना त्याहून वरचा, हे प्रत्येकाच्या ‘भारत’ या पानावर दिलेलं असतं. तिथल्या ज्या पार्श्वभूमी-सवलतींची चर्चा ऐकता त्या ब्रिटनमधल्या शाळांतल्या मुलांसाठी आहेत. आणि पदवीसाठी पूर्ण मदत दुर्मिळ. तुमच्या परिस्थितीत ब्रिटन पदव्युत्तर शिक्षणाला ठेवा.

आता घरातल्या उरलेल्या दोन सल्ल्यांकडे. जाऊबाईंचं इंटिग्रेटेड वाईटच असतं असं नाही, पण नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला क्लासची फी भरण्याआधी समोर बसून विचारा. हजेरी कुठल्या कॉलेजच्या पटावर लागते? आठवड्यात प्रयोगशाळेत किती तास? प्रात्यक्षिकाचे गुण कोण देतं? बारावीनंतर पत्र हवं असेल तर कुठले सर देतील आणि ते मुलीला ओळखत असतील का? शेवटच्या प्रश्नाला समोरचा हसला तर ते कॉलेज फक्त कागदावर आहे असं समजा. अशा ठिकाणी अमेरिकेचं दार त्याच दिवशी बंद होतं, कारण तिला ओळखणारं दप्तरी कुणीच नसतं. आणि नियम कडक होत चालले आहेत: नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीएसईनं अशा नावापुरत्या विद्यार्थ्यांवरून दिल्ली-राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढून घेतली.

कोटा नको. मुलगी सोळाची आहे, हे एक. दुसरं, बारावी महाराष्ट्राबाहेर झाली की राज्यातल्या मुलांसाठीच्या जागांबाबत प्रश्न उभे राहतात. पुण्याच्या सीओईपी, मुंबईच्या व्हीजेटीआय आणि आयसीटीसारख्या संस्थांत राज्याच्या मुलांसाठीच्या जागांना दहावी-बारावी इथून झालेली असणं हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. मेडिकलला तर ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. हे तुमच्यासाठी नाही, पण वाचणाऱ्यांत नीटवाल्या आया असतीलच.

मग करायचं काय? अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात अनुदानित, नियमित तास होणारं सायन्सचं कॉलेज वरच्या पसंतीला भरा. नाशकात अशी कॉलेजं आहेत आणि ९० च्या पुढच्या मुलीला ती मिळतात. जाऊन प्रयोगशाळा बघा, बाकड्यांवर धूळ आहे का बघा. जेईईचा क्लास लावायचाच तर कॉलेज सुटल्यावरचा लावा. तुम्ही इतर मागास, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर महाज्योती या सरकारी संस्थेचं जेईई-नीट-सीईटीचं मोफत प्रशिक्षण आहे, दहावीनंतर लगेच अर्ज निघतो, तो चुकवू नका. अकरावीच्या दिवाळीपर्यंत तिन्ही दारं उघडी ठेवता येतात, त्यानंतर दोन निवडा. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड आणि अमेरिका ही दोन्ही एका वेळी पेलणारी मुलं फार थोडी. सीयूईटी, आयएटी आणि एमएचटी-सीईटी मात्र एका अभ्यासात बसतात.

इंटरनॅशनल शाळा कुठल्या घराला शोभते? ज्यांचं मूल पहिलीपासून त्याच पद्धतीत आहे, ज्यांना परदेशातली पूर्ण फी भरता येते आणि ज्यांना जेईई नकोच आहे, त्यांना. दहावीनंतर दोन वर्षांपुरतं तिथं टाकणं म्हणजे मुलीचे पहिले सहा महिने नवी पद्धत समजून घेण्यात, आणि अर्ज लिहायची वेळ आली की शिक्षक तिला जेमतेम वर्षभर ओळखतात. पुढचंही बघा. आयआयएमसारख्या ठिकाणी अर्ज छाननीला दहावी-बारावीचे गुण पुन्हा पुढे येतात, म्हणून जे बोर्ड तिला येतं त्यात चांगले गुण मिळवणं हीच बचत आहे.

एक गोष्ट मात्र दहावीचा फॉर्म भरून झाला असला तरी तपासाच: नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर उलट क्रम, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे एखादं अक्षर इकडचं तिकडे. जेईईपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे दहावीचीच गुणपत्रिका पुरावा म्हणून मागतात. चूक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असेल तर मुलगी शाळेच्या पटावर आहे तोवर दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होते. शाळा सोडल्याचा दाखला निघाला की शिक्षण खात्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आधार आधी दुरुस्त करा, पासपोर्ट नंतर काढा.

आणि दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर, शाळेला सुट्टी लागण्याआधी, गणिताच्या सरांना भेटा. नववीच्या गुणांची इंग्रजी प्रत शिक्क्यासह मागून घ्या. सरांना सांगा की दोन वर्षांनी पत्र लागेल, तिचं काय काय आठवतं ते आत्ताच वहीत लिहून ठेवा. सरांची बदली झाली तरी नंबर बदलणार नाही, तो घेऊन ठेवा.